सोनाक्काचा माझ्यावर विश्वास नव्हता

एकोणीसशे अठ्ठावन्न साल चालू आहे आणि मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. सोनाक्का गेली त्या सकाळी मी मळ्यात मोटेचा नाडा सांधत बसलो होतो. भिकोबा सुतार बांधावरून धावत आला आणि लांबूनच ओरडला, "नाना, सोनाक्का गेली!" मी मान वर न करता विचारलं, "कुठं गेली?" तो म्हणाला, "अहो, गेली म्हणजे... वारली." मी म्हणालो, "खोटं." कारण आदल्याच संध्याकाळी ही बाई माझ्या ओट्यापुढं उभी राहून एका फुटक्या कौलावरून अशी भांडली होती, की देवळापर्यंत ऐकू गेलं. ज्याचं भांडण अर्धं राहिलंय ते माणूस मरत नाही, असा माझा समज. भिकोबानं पंचा डोळ्याला लावला तेव्हा कुठं मी हातातला नाडा खाली ठेवला. पिठाची परात पुढं घेऊन बसली होती, बसल्या बसल्या कलंडली, एवढंच त्यानं सांगितलं.

त्याला आता महिना उलटून गेला. मी लिहायला बसलोय हे कळल्यावर आमच्या गावातले शहाणे लोक हसतात. खोल्यांच्या मालकानं भाडेकरणीवर लेख लिहायचा म्हणजे काय, आणि तोही ज्याच्या चारच यत्ता झाल्या त्यानं? चार झाल्या हे खरं. पाचवीत गुरुजींशी पटलं नाही. पण मी लिहिलं नाही तर दुसरं कुणी लिहिणार नाही, आणि लिहिलंच तर त्यात मला वाईट ठरवील. म्हणून मीच लिहितो.

आमची जमीन पवनेच्या काठाला. तिच्यातली निम्मी कारखान्याला गेली. मोजणीवाले आले, त्यांनी चुन्याची रेघ ओढली, आणि रेघेपलीकडची ज्वारी आम्ही कापली ती शेवटची. माझ्या चुलतभावाची वस्ती नेमकी त्या रेघेवर होती. मोजणीच्या वेळी तो बायकापोरं घेऊन खेडला लग्नाला गेला होता. मोजणीवाल्यांनी पाहिलं, घरातून धूर निघत नाही, चुलीत राख गार, आणि घर पडीक धरून भरपाईतून वगळलं. परत आल्यावर त्यानं किती खेटे घातले, कितीजणांच्या पाया पडला, पण ते घर पडीक ते पडीकच राहिलं. तेव्हापासून हातात टेप घेतलेल्या माणसावर माझा विश्वास नाही. ही गोष्ट मी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आलो. सोनाक्कालाही सांगितली... आणि तिनं ती माझ्यापेक्षा चांगली ध्यानात ठेवली.

उरलेल्या तुकड्यात, रस्त्याच्या कडेला, मी दहा खोल्यांची चाळ बांधली. भिंती मातीच्या, खांब घरच्या बाभळीचे, वर कौलं. कारखान्यात कामाला नगरचे, बीडचे, साताऱ्याकडचे लोक यायला लागले होते आणि त्यांना डोकं टेकायला जागा नव्हती. सोनाक्का माणदेशातली. नवरा मागं टाकून गेलेला, मूलबाळ नाही. तिला खाणावळ घालायची होती. खोली बघायला आली ती आधी खांबावर बोटं वाजवत सगळीकडं फिरली आणि मग मला म्हणाली, "मालक, आदीचा भाडेकरू का सोडून गेला?"

मी म्हणालो, "आगं, खोली नवी हाय. आदी कुणीच न्हवतं."

"मग आजवर कुणीच का घेतली न्हाई?"

मी किल्ली तिच्या पुढ्यात टाकली आणि निघून आलो. पण मनातून मला बरं वाटलं. मी गाय घ्यायला जातो तेव्हा अशीच शेपटी उचलून बघतो.

तिची खाणावळ चालली. शिफ्टवरून सुटलेली माणसं दारापुढं ओळीनं बसायची आणि ती भाकरी थापता थापता प्रत्येकाची झडती घ्यायची. "काय रं, काल आजारी म्हणालास नि आज चार भाकऱ्या? आजार कंपनीपुरताच व्हता व्हय?" कुणी जास्त गोड बोललं की ती त्याच्याकडं रोखून बघायची आणि म्हणायची, "काय पायजे ते सांगून टाक, भावा." माझ्याशीही तसंच. संक्रांतीला मी सगळ्या खोल्यांत तिळगूळ पाठवला, तर हिनं घेऊन येणाऱ्या माणसाला विचारलं, "भाडं वाडवणार हाय का मालक?"

चार पावसाळ्यांत खांबांना वाळवी लागली. माझी बाभूळ चांगली होती, खालची माती वाईट होती, हे मी आधीच सांगून ठेवतो. तेव्हाच चावडीवर सरपंचांनी सभा घेतली. म्हणाले, गावात भाड्याच्या खोल्या पडायला आल्यात. त्या पडल्या तर कामगारांनी जायचं कुठं? नव्या बांधल्या तर त्यांचं भाडं ह्यांना झेपायचं नाही. म्हणून पंचायत लाकूड आणि कौलं देणार, सुताराची मजुरी मालकानं द्यायची, आणि अट एकच: खोलीत जो आहे त्यालाच ठेवायचं, आहे त्याच भाड्यात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. ज्यांनी चुन्याची रेघ ओढून निम्मी जमीन नेली ते आता फुकट लाकूड देतात? आज वासा देतील, उद्या म्हणतील वाशाखालचं घरही आमचंच. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "मला नगं." माझ्या पाठीमागून बायकांच्या घोळक्यातून सोनाक्काचा आवाज आला, "मालकाला नगं, म्हंजी ह्यात काय तरी आपल्या फायद्याचं असणार."

पंचायतीचा सेक्रेटरी, पायजमा-कोटातला पुण्याचा तरुण माणूस, तरीही खोल्या बघायला आला. हातातल्या छत्रीचं टोक त्यानं सोनाक्काच्या मधल्या खांबाला लावलं आणि नुसतं दाबलं. छत्री भाकरीत बोट जावं तशी आत गेली. जेवणारी माणसं ताटावरून उठून मागं सरकली. आता मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? मी गप्प बसलो, आणि माझं गप्प बसणं सेक्रेटरीनं होकार म्हणून घेतलं. तो म्हणाला, "पंधरवडाभर खोल्या रिकाम्या करा. धर्मशाळेत सोय करतो."

सोनाक्कानं हातातलं उलथनं खाली ठेवलं नाही. "आन परत कवा?"

"काम झालं की."

"कुणाचं काम झालं की? आमचं का मालकाचं?"

नऊ खोल्या रिकाम्या झाल्या. दहावी झाली नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. चूल विझली की घर पडीक, हे मालकानंच सांगितलंय. मी चूल विझवणार नाही. सेक्रेटरीनं पंचायतीची अट पुन्हा पुन्हा समजावली, तर म्हणाली, "तुमी बदलून गेल्यावर अट कोण बगनार?" मग माझ्याकडं वळली. "मालक, बेलभंडारा उचला. म्हना, सोनीला परत घेईन. मग जाते." चाळीतले सगळे लोक बघत होते. माझ्या बापाच्या नुसत्या शब्दावर ह्या गावात बैलजोड्या उधार दिल्या-घेतल्या गेल्या. मी म्हणालो, "माझ्या शब्दाला शपथेचा टेकू लागत न्हाई." ती म्हणाली, "खांबालाबी लागत नव्हता म्हनं."

मग तिच्या खोलीचं काम तिच्यासकट सुरू झालं. भिकोबानं वरची कौलं उतरवली आणि ही खाली, उघड्या आभाळाखाली, पेटत्या चुलीपुढं. भुसा पडू नये म्हणून कामगार पाळीपाळीनं तिच्या पातेल्यावर सूप धरून उभे राहायचे. जेवताना एकमेकांना विचारायचे, "आज कालवणात सागवान का बाभूळ?" हसण्यावारी दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी भिकोबा माझ्याकडं आला तेव्हा हसत नव्हता. "नाना, आढं काढल्याबगर मधला खांब बदलता येत न्हाई. आढं काढलं की चुलीमागची भित उभी ऱ्हाईल याची मी खात्री देत न्हाई. बाईला उठवा, न्हाईतर माझी हत्यारं मी नेतो."

मी घरी गेलो. बायको म्हणाली, "घ्या की शपथ. जीभ झडंल व्हय?" मी पडवीतलं एक खापर घेतलं, राखेनं भरलं आणि तसाच सोनाक्काच्या खोलीवर गेलो. तिच्या पुढ्यात बसलो, तिच्या चुलीतले निखारे एकेक करून चिमट्यानं खापरात घ्यायला लागलो. ती म्हणाली, "हे काय?" मी म्हणालो, "तुझा इस्तू माझ्या चुलीत नेतो. विझला तर बोल." विस्तव मागायला शेजारीण येते, देतो आपण. पण सगळ्याच्या सगळा विस्तव ज्याचा आपल्या चुलीत, त्याला दाराबाहेर कसं ठेवायचं? हे तिलाही कळत होतं. तरी ती लगेच उठली नाही. चुलीत एखादा निखारा मागं राहिलाय का, हे तिनं राख उकरून बघितलं आणि मगच माझ्या मागून निघाली. वाटेत दोनदा खापरात डोकावली. बायकोनं ते निखारे आमच्याच चुलीत घातले, वरून चार गोवऱ्या लावल्या आणि म्हणाली, "घ्या. आता ह्यातला तुमचा कुठला नि आमचा कुठला, सांगा बगू."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आढं निघालं आणि चुलीमागची भिंत बसली. आवाज फार झाला नाही, नुसता धुरळा उठला. ती जिथं पाटावर बसायची तिथं गुडघाभर मातीचा ढीग होता. भिकोबा, सेक्रेटरी, मी, सगळे तिथंच होतो. सोनाक्का पीठ भरल्या हातानं आमच्या घरून आली आणि त्या ढिगाला एक वळसा घालून उभी राहिली. मला वाटलं, आता तरी काही चांगलं बोलेल. ती म्हणाली, "मालक, भित तुमीच ढकलली न्हवं?"

सगळे हसले. मी तिथं हसलो नाही. घरी जाऊन हसलो.

सागाचे खांब लागले, नवी कौलं चढली, सगळे आपापल्या खोलीत परत आले. सोनाक्कानं खापरातून विस्तव परत नेला आणि आत पाऊल टाकण्याआधी अंथरूण आडवं पसरून बघितलं, खोली कुठं हातभर बारीक तर केली नाही ना. बारीक झालेली नव्हती, तरी महिनाभर तिला तसं वाटत राहिलं. पंचायतीचा माणूसही अजून तरी खोल्या मागायला आलेला नाही. अजून तरी. मी लक्ष ठेवून आहे.

गेल्या वर्षापासून तिच्याकडं रखमा राहत होती. दिघीच्या रस्त्यावर खडी फोडताना रखमाचा नवरा दगावला, पदरात म्हातारी सासू. सोनाक्कानं दोघींना आणून खोलीत घेतलं आणि भाकरीला बसवलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो, आणि हो म्हणालो म्हणून तिनं आणली नसती. पण पंचायतीच्या हिशेबी त्या खोलीवर नाव एकट्या सोनाक्काचं. ती गेली आणि अट सुटली. खोली माझी, भाडं माझ्या मनाचं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, पण तेराव्याच्या आत चाळीतल्या प्रत्येकानं डोळ्यांनी सांगितलं.

परवा संध्याकाळी एक मुकादम ओट्यावर आला. कारखान्याच्या बांधकामावर त्याची टोळी आहे. एका खोलीत पंधरा माणसं कोंबायची, म्हणेल ते भाडं. मी नाही म्हणालो, स्पष्ट म्हणालो. पण दारी आलेला माणूस, चहा पाजला. त्यानंही नकार खिशात घालून दोन विनोद केले आणि मोठ्यानं हसत गेला. चाळीतून लोकांनी चहा बघितला, हसणं ऐकलं, आणि काय समजायचं ते समजले.

मी चाळीत गेलो तेव्हा रखमाचं बोचकं बांधून दारात ठेवलेलं. सासू भिंतीला धरून उभी. मी विचारलं, "तुला कुणी जायला सांगितलं?"

"सांगायची वाट कशाला बगायची? सोनाक्का म्हनायची, मालकानं चहा पाजला की बोचकं बांदावं."

"खोली तुझी हाय. भाडं तेच."

वाटलं, बाई रडेल, पाया पडेल. तिनं बोचक्याची गाठ सोडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "का?"

"का म्हंजी?"

"तो जास्त देतोय. तरी मला देताय. का?"

मला राग आला. मी म्हणालो, "माझी मर्जी!"

"मर्जी काय, आज हाय. उद्या फिरली म्हंजी?"

डोळे मिटले असते तर मला वाटलं असतं, सोनाक्काच बोलतेय. मी परत फिरलो. ओट्यावर बसलो, तर बायको जेवायला हाका मारत होती... मी उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, लग्नाकार्याला बांधतो तो फेटा बांधला आणि चावडीवर गेलो. रखमाला निरोप दिला होता. ती आली, पण माझ्या बरोबरीनं नाही, चांगलं अंतर राखून मागून. सेक्रेटरी, भिकोबा आणि शिफ्टवरून आलेली चार माणसं यांच्यासमोर मी उभा राहिलो आणि म्हणालो, सोनाक्काची खोली आजपासून रखमाची, पंचायतीची अट हिलाही तीच, भाडंही तेच. सेक्रेटरीनं माझ्याकडं असं बघितलं जणू ह्यात माझा काय डाव आहे ते शोधतोय. शोधू दे. रखमानं पदर खोचला आणि म्हणाली, "परत म्हना, मालक. मागच्यांना आयकू आलं न्हाई."

मागं कुणी नव्हतं, नुसती भिंत होती. मी परत म्हणालो, मोठ्यानं.