वाहण्याचं क्रियापद

बी.ए. झाल्यावर भाषाशास्त्रासाठी लॅटिनची गरज पडली. पुण्यात कसबा पेठेतल्या एक निवृत्त बाई ती विनामूल्य शिकवायच्या. त्यांचे उपकार मोठे. पहिल्या दिवशी मात्र मी 'किती महिन्यांत येईल?' विचारलं, तर म्हणाल्या, "रोमहून बोलावणं आलंय का? नाही ना? मग घाई कसली? क्रियापदं पाठ करा."

एका रविवारी 'फेरो' निघालं. फेरो म्हणजे मी वाहतो. पण 'मी वाहिलं' म्हणायचं तर एकदम 'तुली'. बाईंनी सांगितलं, ही मुळात दोन वेगळी क्रियापदं, कधीतरी एका संसारात आली. पहिल्याचं नातं आपल्या 'भार'शी, दुसऱ्याचं 'तुला' म्हणजे तराजूशी. वाहणं आणि उचलून तोलणं.

मी म्हणालो, "माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. तिथं हमाल आणि तोलणार शेजारीशेजारीच असतात."

"मग इथे काय बसलाय? जा, त्यांना सांगा. तुमच्याआधी त्यांना समजेल."

मी तालुक्याच्या गावी शिकत होतो तेव्हापासून वडील, म्हणजे आमचे दादा, इथे पुण्यात कांद्याची पोती वाहत होते. माझी पदवी त्याच पाठीवरून आली. मी बसमधून उतरून थेट गाळ्यांकडे धावलो. दादा ट्रकपासून पोतं घेऊन वाकून चालले होते. भरल्या हमालाला मागून हाक मारायची नसते, समोर जाऊन उभं राहायचं असतं. पुण्यात आलो त्याच दिवशी त्यांनी मला हे सांगितलं होतं. आनंदात मी विसरलो.

"दादा!"

माझा आवाज ऐकून ते वळले. पाय जागीच राहिले, कंबर फिरली. पोत्यासकट खाली बसले.

त्यांचा जोडीदार माझ्यावर ओरडला, "कालिजात येवढं बी शिकवलं न्हाई व्हय रं?"

"रागावू नगं त्याला," दादा कण्हत म्हणाले. "काय तरी चांगलं सांगाया आला आसंल."

त्यानंतर दादांनी पोतं उचललं नाही. गावी पडून असायचे. मी गेलो की विचारायचे, "त्या दिशी काय सांगणार व्हतास रं?" ज्यांचं वाहणं माझ्यामुळे थांबलं, त्यांना त्या शब्दाचं कौतुक कोणत्या तोंडानं सांगू?

गेल्या वर्षी दादा गेले. शेवटच्या भेटीतही त्यांनी तेच विचारलं. मी त्यांची उशी सारखी केली आणि म्हणालो, "काही नाही दादा, सहज आलो होतो."