हरसूलचा तह

सोलापूरहून निघताना धाकटी बहीण म्हणालीच, रिटायर झालीस, आता तरी पोरांची डोकी खाणं थांबव. पण जित्याची खोड! उभा जन्म मी कॉलेजात राजनयाचा इतिहास शिकवला. कुठल्या दरबारात कोणाचा वकील (म्हणजे त्या काळचा राजदूत) होता, कुठला तह कशाने मोडला, हेच सांगत आले. आणि या वेळी बोलावणं आलं होतं विलासचं. हा माझा जुना विद्यार्थी आता हरसूलच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. फोनवर व्याख्यानाचं ठरलं आणि शेवटी त्याने हळूच खरं काम सांगितलं. यमुना नावाची त्याची हुशार विद्यार्थिनी शेवटच्या वर्षाला आहे. तिला पुण्याला एम.ए. करायचंय, पण वडील सोडत नाहीत. मी घरी जाऊन एकदा बोलावं. थोडक्यात, मलाच वकील करून धाडायचं होतं. मी लगेच हुरळले.

नाशिकला सकाळी उतरले आणि आधी मिसळ गाठली. वाढप्याने रस्सा हवा का विचारलं आणि मी दोनदा हो म्हटलं. त्याची शिक्षा त्र्यंबकपर्यंत घशात जळत राहिली. पुढे एसटी डोंगरात शिरली. भाताची खाचरं सुकून भेगाळली होती आणि जागोजागी धूर निघत होता. शेजारच्या बाईंनी सांगितलं, तो राब (पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात तो). आषाढात इथेच रोपं होतील, मग आवणी (भाताची लावणी), तेव्हा घरातल्या कोणालाही बसून चालत नाही, असंही त्या म्हणाल्या. मी मान डोलावली आणि विसरले.

हरसूलला आठवड्याचा बाजार होता. सुकट, मडकी आणि कोंबड्या यांच्यामधून विलास मला कॉलेजात घेऊन गेला. मी मोठ्या हौसेने चित्रं, नकाशे करून आणले होते आणि नेमकी वीज गेली. मग नुसतं तोंड चालवलं. दोन मुलांना दोन दरबारांचे वकील केलं, मध्ये यमुनाला दुभाषी म्हणून बसवलं. मुलं अशी भांडली की शेजारचा वर्ग खिडकीत येऊन उभा राहिला. फार दिवसांनी मला इतकं बरं वाटलं.

पोरांना मी दोन गोष्टी बजावल्या. एक, मुरलेला वकील समोरच्याची भाषा येत असली तरी दुभाषी ठेवतो, कारण तेवढा विचार करायला वेळ मिळतो. दुसरी, दुभाष्याने पदरचा एक शब्दही घालायचा नाही.

यमुनाने हात वर केला. "मॅडम, दुभाष्याचं स्वतःचं काही असलंच, तर त्याने ते कधी बोलायचं?"

मी म्हटलं, कधीच नाही. ती खाली बसली.

संध्याकाळच्या आत तिच्या पाड्यावर पोहोचलो. आईने नागलीची (नाचणीची) भाकर आणि उडदाचं घट्ट वरण वाढलं. मिसळीने पोळलेल्या पोटाला ते जेवण इतकं मानवलं की मी लाज सोडून पुन्हा मागून घेतलं. वडील काशिनाथभाऊ भिंतीला टेकून बसले होते. ते माझ्याशी मराठीत एक अक्षर बोलेनात. त्यांच्या कोकणी (इथल्या कोकणा आदिवासींच्या) बोलीत यमुनाला सांगायचे आणि ती मला सांगायची.

मी माझं सगळं कसब पणाला लावलं. स्कॉलरशिप, वसतिगृह, पुढे दिल्ली, परराष्ट्र खातं, काही म्हणून सोडलं नाही. माझ्या लांबलचक भाषणाचं यमुनाने दोनच वाक्यांत भाषांतर केलं. ती बोली मला अर्धीमुर्धी कळत होती, पण त्यात 'आवणी' हा शब्द स्पष्ट ऐकू आला. तो मी काही उच्चारला नव्हता. यमुना माझ्याकडे बघत नव्हती.

विलास चुळबुळ करू लागला. तिची आई चुलीपाशी काम सोडून ऐकत होती. मग काशिनाथभाऊंनी एकदाच होकारार्थी मान हलवली आणि यमुनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्याही आलं, चुलीचा धूर होताच सबबीला.

सकाळी बसपर्यंत सोडायला तेच आले. फाट्यावर उभं असताना एकदम स्वच्छ मराठीत म्हणाले, "बाई, दर साली मी तिकडं नाशकाकडं द्राक्षाच्या कामाला जातो. तुमचं बोलणं मला समदं समजलं. दिल्लीबिल्ली ठीक हाय. पण दर आवणीला पोरगी घरी धाडीन, हे तुम्ही नाय बोलल्या. ते तिचं."

मी ओशाळून म्हटलं, मग तुम्ही हो कसं म्हणालात?

"तिला घर ठाऊक हाय, म्हणून म्हणलो. पण बोलली ती तुमच्या तोंडानं. आता पाळायचं तुम्ही."

बस आली. त्यांनी माझी पिशवी वर चढवून दिली. वाटेत राब अजून धुमसत होता आणि मी खिडकीशी बसून एकटीच हसत होते. इतकी वर्षं तह शिकवले, पण माझ्या नावावर झालेला तह हा एकच, आणि त्यातलं मुख्य कलम दुसरीनेच घातलेलं. नाशिकला या वेळी मिसळ खाल्ली नाही.

यमुना आता पुण्यात आहे. परवा तिचा फोन आला. नुकतेच तास सुरू झालेत, ते बुडतील, यंदा आवणीला नाही गेलं तर चालेल का, बाबा काही बोलणार नाहीत, वगैरे. मी सगळं ऐकून घेतलं. पोर दमलेली वाटत होती, जीव तुटला.

तरी म्हटलं, "हे बघ, शब्द मी दिलाय. बस पकड."