यादीतली रमा

परवा निवडणुकीची माणसं माझं मत घ्यायला घरी आली. त्यांनी बोटाला शाई लावली, तिचा उग्र वास आला आणि सत्तावन्न सालची मुलुंडच्या शाळेतली बायकांची रांग आठवली.

माझं पहिलंच मत होतं. उन्हात उभं राहून पाय भरून आले होते. टेबलामागच्या साहेबाने नाव विचारलं. मी म्हटलं, “यमुना.”

“या नावाची बाई यादीत नाही. घरी जा.”

मागून सासूबाई ओरडल्या, “अहो सायेब, सून ती माझी! रमा नाव तिचा, लग्नात आमीच ठेवला.”

रांगेतली एक हसून म्हणाली, “स्वतःचं नाव विसरली गं ही!”

विसरले नव्हते. लग्नाला दोन वर्षं झाली तरी रमा म्हणून हाक आली की मी मुद्दाम ओ देत नसे. वडिलांनी ठेवलेलं नाव मला सोडायचं नव्हतं.

“रमा तुम्हीच का?” साहेबाने विचारलं. नाही म्हटलं असतं तर मत गेलं असतं.

“हो, मीच.”

कागद मिळाला. पडद्याआड जाऊन पेटीत टाकला. घरी येताना सासूबाई खुशीत होत्या आणि मला हरल्यासारखं वाटत होतं.

आता तसं वाटत नाही. किती सरकारं आली आणि गेली, आमच्या नळाचं पाणी काही वाढलं नाही. मतं देऊन दमले मी, पण चुकवलं एकदाही नाही. यमुना म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही. तिच्या बदल्यात मिळालेलं मत तेवढं आहे, ते कशाला घालवू?