नवा राउटर आणि अण्णांचा टॅब

तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी सकाळी, बंगळुरूतल्या के. आर. पुरमच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी नवा वायफाय राउटर लावला. फोनवर स्पीड टेस्ट केली, आकडा बघितला आणि स्वतःवरच खूश झालो.

राउटर आणला होता अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. इथल्याच एका सरकारी कंपनीत इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली. आता वय अठ्ठ्याहत्तर. फोन साधा, बटणांचा. बाकी सगळं एका जुन्या टॅबवर, कारण त्यात अक्षरं मोठी करता येतात.

आधीच्या आठवड्यात ते मला म्हणाले होते की एक फॉर्म भरायचाय, पण पान उघडायला फार वेळ लागतो. मी लॅपटॉपवर कॉलमध्ये होतो. म्हटलं, राउटर जुना झालाय, नवा मागवतो. त्यावर ते नेहमीच्या कन्नड वळणाने म्हणाले, "स्वल्प ऐक, जरासं, मला नाही वाटत ते राउटरचं आहे. मी बघितलंय..." तेवढ्यात कॉलवर माझं नाव घेतलं गेलं आणि मी त्यांना हातानेच थांबवलं. पुढे विचारायचं राहून गेलं.

नवा राउटर लागल्यावर अण्णा टॅब घेऊन हॉलमध्ये बसले. थोड्या वेळाने म्हणाले, तसंच आहे. मी माझा फोन त्यांच्यासमोर धरून धडाधड पानं उघडून दाखवली. आणि मग जे बोललो ते आठवलं तरी नको वाटतं...

"नेट एकदम फास्ट आहे अण्णा. तुम्हीच घाई करता. जरा धीर धरत जा."

"सरी," ते म्हणाले. कन्नडमधलं हे 'बरं' आमच्या घरात दिवसातून पन्नासदा येतं, त्यामुळे मला त्यात वेगळं काही ऐकू आलं नाही. ते टॅब घेऊन आत गेले. नंतर तक्रार आली नाही, आणि मी समजलो की प्रश्न सुटला.

मागच्या मंगळवारी अण्णा आंघोळीला गेलेले असताना त्यांचा फोन वाजला. मी घेतला. मूर्ती अंकल होते. ते आणि अण्णा एकाच लॅबमध्ये तीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसले. रिटायर झाल्यावर अंकल मुलाकडे कॅनडाला गेले ते गेलेच.

ते एअरपोर्टवरून बोलत होते. परत कॅनडाला निघाले होते. शनिवारी कंपनीत जुन्या लोकांचा मेळावा झाला, तुझे वडील का आले नाहीत, असं त्यांनी विचारलं. दुपारपर्यंत दाराकडे बघत होतो म्हणाले. अण्णांचा नंबर त्यांना आदल्या संध्याकाळी कुणाकडून तरी मिळाला होता. डॉक्टरांनी आता लांबचा विमानप्रवास नको म्हणून सांगितलंय, हेही त्यांनी बोलता बोलता सांगितलं... म्हणजे ही त्यांची शेवटची फेरी.

मला मेळाव्याचं काहीच माहीत नव्हतं. अण्णा बाहेर आले, मी फोन त्यांच्या हातात दिला. पाच मिनिटं बोलले असतील, तोवर तिकडे बोर्डिंग सुरू झालं.

मग मी विचारलं, तेव्हा कळलं. तो फॉर्म मेळाव्याचाच होता. तो भरल्याशिवाय गेटपास नाही, आणि पास नसेल तर चौतीस वर्षं तिथे काम केलेल्यालाही गेटवर सोडत नाहीत. अण्णांनी तीन दिवस प्रयत्न केला. अर्धा फॉर्म होईपर्यंत साइटने दिलेला वेळ संपायचा आणि पान पहिल्यापासून सुरू व्हायचं. मग शेवटची तारीख निघून गेली.

"मला का नाही सांगितलंत? लॅपटॉपवर दोन मिनिटांत भरला असता."

"दोनदा सांगितलं होतं," अण्णा म्हणाले. "तिसऱ्यांदा सांगायला बरं वाटेना."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी सकाळची मीटिंग सोडून मी तो टॅब पहिल्यांदा स्वतःच्या हातात घेतला. अगदी राउटरखाली जाऊन बसलो. पेपरची साइट उघडली... बराच वेळ पांढरं पान, मग जाहिराती, मग अक्षरं. वाचायला लागावं तर पान खाली उडी मारायचं.

टॅबच्या कव्हरमध्ये एक घडी घातलेला कागद होता. अण्णांचं अक्षर. 'राउटरजवळ, एक मिनिट दहा सेकंद. बेडरूम, एक मिनिट बारा. फरक नाही. दोष टॅबमध्ये असावा.' त्याखाली वेगळ्या पेनाने, 'नवा राउटर, एक मिनिट आठ.'

खरंच तेवढंच होतं. टॅब इतका जुना की नव्या राउटरचा वेग त्याला पकडताच येत नाही, आणि आजकालची जड पानं उघडताना त्याला धाप लागते. घरातले बाकीचे फोन, लॅपटॉप सुसाट चालायला लागले. ज्यांच्यासाठी राउटर आणला त्यांना दोन सेकंद मिळाले. आयुष्यभर यंत्रांतले दोष शोधलेला माणूस उत्तर हातात घेऊन माझ्यासमोर उभा होता आणि मी त्यांना धीर धरायला सांगत होतो.

काल रविवारी माझ्या लॅपटॉपवरून दोघांचा व्हिडिओ कॉल लावून दिला. मूर्ती अंकल तासभर बोलले, अण्णा बरंचसं नुसतं बघत होते. कॉल संपल्यावर म्हणाले, "मूर्ती फार वाळलाय रे. जवळ बसायला हवं होतं."

मी लॅपटॉप मिटला.

नवा टॅब येईल या आठवड्यात. पण मेळाव्याचा तो शनिवार आता कुठून मागवणार... घरातलं कुणी म्हणालं की काहीतरी चालत नाहीये, तर आपला फोन दाखवू नका. आधी त्यांच्या हातातली वस्तू आपल्या हातात घ्या. मला ते करायला तीन आठवडे उशीर झाला.