मुकादम कोणाला करायचं

आकडा खांद्यात घुसला तेव्हा काहीच आवाज झाला नाही. पोती उचलायचा तो लोखंडी आकडा माझ्या चुलत भावाच्या हातात होता आणि खांदा होता बिहारहून आलेल्या मशीनवाल्याचा. तो वाकून पट्ट्यात अडकलेले कांदे काढत होता. कुणी हाक मारल्यासारखं त्यानं आधी मागं वळून पाहिलं. मग सदरा लाल झाला आणि तो किंचाळला.

राजुरी-बेल्हे रस्त्यावर माझी कांदा निवडण्याची शेड आहे. गावातले हमाल, त्यांचा मुकादम हा भाऊ. आंबेगावच्या डोंगरातून आलेल्या ठाकर बायका निवडायला. आणि कांदा लहान-मोठा वेगळा करणारं नवं मशीन आल्यावर बिहारची सहा माणसं. तिन्ही गटांच्या तीन भाषा, जेवायच्या तीन जागा. काम होतंय ना, मग आपण कशाला मध्ये पडा, असं मला वाटायचं.

आकडा चालला त्याच आठवड्यात मी मशीनवाल्याकडं बोट दाखवून सगळ्यांसमोर हमालांना बोलून गेलो होतो, "तुमच्या दहा जणांचं काम हा एकटा करतो. उद्यापासून मशीनपाशी तो सांगेल तसं करायचं."

भाऊ नंतर एकटा माझ्याकडं आला. "आमी हितली माणसं. त्या पावण्याच्या हाताखाली राबायचं व्हय? गाव हसतंय राव."

"तुला मशीन चालवता येतं का?" मी विचारलं.

तो वळला आणि पोती उचलायला गेला. त्याला पटलं, असं मी धरून चाललो.

मारामारी झाली तो बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस होता. मी ऑफिसच्या उघड्या दारातून पाहत होतो. भावानं रागारागानं अख्खं पोतं पट्ट्यावर ओतलं. मशीनवाला म्हणाला, "चाचा, धीरे. पट्टा टूट जाएगा." भावानं दुसरं पोतं ओतलं आणि पट्टा अडकला. निवडणाऱ्या बायकांमधली एक फिसकन हसली. त्या हसण्यानंतर आकडा उठला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बिहारच्या माणसांनी फावडी उचलली. एका हमालाचे पुढचे दात कांद्यांवर पडले. क्रेट उडत होते. एकाला दोघांनी खाली पाडून लाथा घातल्या. मी ऑफिसातून धावत आलो ते टेबलावरचा मोठा पाना घेऊनच. समोर बिहारचा एक जण एका हमालाला मिठी मारून उभा होता. मी पाना त्याच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडल्याचं माझ्या मनगटाला कळलं. तो हमालाला मागं ओढत होता, भांडण सोडवत होता, हे मला नंतर समजलं.

सगळ्यात वयस्कर ठाकर बाईनं मेन स्विच पाडला. हातात कांद्याची पात कापायचा विळा घेऊन ती पडलेल्या मशीनवाल्यापुढं उभी राहिली.

"आता जो फुडं यील त्याला चिरीन. मालक, तुमीबी."

कुणी हललं नाही. तिनं खाली बसून पदराचा बोळा जखमेत दाबला. जुन्नरचा टेम्पोवाला मुसलमान चाचा माल भरायला आला होता. त्यानं भरलेली पोती खाली ढकलली, जखमींना मागं झोपवलं आणि नारायणगावच्या दवाखान्यात पोचवलं.

पोलिस यायच्या आत चुलते, भावाचे वडील, माझ्याकडं आले. "तो बिहारी पाय घसरून आकड्यावर पडला म्हन. घरचं मानूस हाय."

मी जे घडलं तेच लिहून दिलं, माझ्या पान्यासकट. भाऊ आत गेला. मलाही जामीन घ्यावा लागला. चुलत्यांनी आमच्या घरी येणं सोडलं ते आजतागायत.

मशीनवाल्याचा हात खांद्याच्या वर जात नाही. गावी परत जाताना तो म्हणाला, "मालिक, दस आदमी वाली वो बात आप मुझसे अकेले में कहते."

विळा घेऊन उभ्या राहिलेल्या त्या ठाकर बाईला मी मुकादम केलं. दोन हमाल त्याच दिवशी काम सोडून गेले. तिसऱ्यानं, "बाईचं आन् तेबी ठाकरनीचं, आमी नाय ऐकनार," म्हणत तिच्या अंगावर क्रेट भिरकावला. तिनं तो झेलला आणि सगळ्यांसमोर त्याच्याच डोक्यात घातला. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "हे परत चालणार नाही." ती म्हणाली, "त्यालाबी सांगा." मी त्यालाही सांगितलं. त्यानंतर शेडमध्ये मारामारी झालेली नाही.

ज्याचं नाक मी फोडलं तो अजून माझ्याकडं आहे. नाक डावीकडं वाकलंय. मी त्याची हात जोडून माफी मागितली, तेव्हा त्यानं मान हलवली. काम चोख करतो. पण माझ्या हातचा चहा घेत नाही.