सारख्या वजनाची पाती

सदर इसम वजने व मापे खात्यात निरीक्षक या पदावर कार्यरत असून मध्यम बांध्याचा, चष्मा लावणारा व विवाहित आहे. वर्ण सतत उन्हात फिरत असल्याने निश्चित सांगता येत नाही. ओळखीची खूण: खिशात पितळी वजनांची डबी. व्यसन नाही, मात्र सुट्टीच्या दिवशी रिमोटवर चालणारे छोटे हेलिकॉप्टर उडवतो व त्यास कोणी खेळणे म्हटल्यास दुरुस्ती सुचवतो. संपूर्ण सेवाकाळात सदर इसमाने कमी भरणारे एकही माप पास केलेले नाही.

ही शेवटची ओळ खात्यातले लोक अभिमानाने सांगत आणि बाजारातले दातओठ खाऊन. बाजारात त्यांना काटेसाहेब म्हणत. घरी कोणी तसं म्हणत नसे, पण माणूस तोच होता. लग्न झाल्या झाल्या त्यांनी दुधाची पिशवी मापून पाहिली होती. "पिशवी बरोबर अर्धा लिटर भरली," बायको अजून सांगते, "तर यांचा चेहरा इतका पडला, की मला वाटलं माहेरचं काही निघालं."

काटेसाहेबांच्या हिशेबात सगळ्या जगाची पडताळणी करता येत होती. बाकी होती ती फक्त एका दाव्याची, आणि तो दावा घरचाच होता.

वडील रंगारी होते. घरं रंगवणारे नव्हेत. पूल, धुराडी, टाक्या, म्हणजे जिथे चढायला दुसरं कोणी तयार नसे ते सगळं. घरामागच्या पाण्याच्या उंच टाकीला रंगाचा पहिला हात त्यांनीच दिलेला. तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. त्या टाकीच्या डोक्यावर, झाकणाशेजारी, आपण बायकोचं नाव लिहिलं आहे, असं ते सांगत.

"माणसाएवढी अक्षरं!" ते म्हणत.

शाळेत जायच्या वयात काटेसाहेबांनी हे पहिल्यांदा ऐकलं आणि विचारलं होतं, "कुठल्या माणसाएवढी?" हा मुलगा पुढे कोणत्या खात्यात जाणार, हे घरच्यांना तेव्हाच कळायला हवं होतं.

आईचा यावर काडीचा विश्वास नव्हता. "एवढं होतं तर खाली लिहायचं होतं," ती म्हणायची. "वर कोण वाचणार? कावळे?"

"कावळ्यांना तरी कळू दे."

"त्यांना कळून मला काय मिळालं?"

हा संवाद त्या घरात इतक्या वेळा झाला, की पुढे पुढे पहिलं वाक्य म्हटलं तरी भागे. आई गेली ती विश्वास न ठेवताच. पण कपडे वाळत घालताना ती हातातला चिमटा तसाच धरून टाकीकडे बघत राहायची, हे काटेसाहेबांनी पाहिलं होतं. त्यावरून निष्कर्ष मात्र काढला नव्हता. पुरावा अपुरा होता.

मग एके दिवशी टाकीच्या खांबाला पाटी लागली. टाकी धोकादायक झाली आहे, महिनाअखेरीस पाडण्यात येईल. जिना आधीच गंजला होता आणि त्याला कुलूप होतं. वडील सकाळी फिरायला गेले होते, त्यांनी पाटी वाचली, घरी आले, जेवले, हात धुतले आणि टॉवेलला हात पुसत म्हणाले,

"तुझं ते यंत्र टाकीपर्यंत जातं का रे?"

काटेसाहेब वर्तमानपत्रातून वर आले. आजवर वडील हेलिकॉप्टरला भिंगरी म्हणत. बढती झाली होती ती भिंगरीची, पण धडकी भरली काटेसाहेबांना.

"जातं," ते म्हणाले. "खाली कॅमेरा बांधता येईल."

"मग बघ. नसलं तर नसलं म्हणून सांग. असलं तर मला दाखव." आणि थोडं थांबून, "पाडल्यावर मग सगळेच म्हणतील, नव्हतंच."

सगळेच म्हणजे कोण, हे घरात कोणी विचारलं नाही. घरात संशय घेणारा आता एकच माणूस उरला होता.

पहिल्या रविवारी हेलिकॉप्टर टाकीवर गेलं, घिरट्या घालून आलं आणि तिघं टीव्हीसमोर बसली. पडद्यावर गोल, राखाडी, उकळणारं असं काहीतरी दिसत होतं. कडा वितळून पुन्हा जमत होत्या.

"पाणी टाकीत असतं का टाकी पाण्यात?" वडिलांनी विचारलं.

"यंत्र हवेत थरथरतंय, बाबा. कॅमेऱ्यात ते असं दिसतं."

"माझे हात थरथरतात, पण मला घड्याळ दिसतं."

दुसऱ्या दिवसापासून काटेसाहेब ऑफिसातून आले की जेवणाच्या टेबलावर हेलिकॉप्टर उघडून बसू लागले. मधली दांडी काचेवर लोळवून पाहिली, सरळ होती. बेअरिंगं बदलली. रबरी वायसर बदलले. कॅमेरा आणि यंत्र यांच्यामध्ये स्पंजाचा तुकडा घातला. कॅमेरा पूर्वी नुसता थरथरत होता, तो आता डुलूही लागला. शेवटी दोन्ही पाती काढून नुसती मोटर चालवली, तर यंत्र शहाण्या मुलासारखं गप्प फिरलं.

"मग पात्यांतच खोट आहे," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"रिकामा काटा नेहमीच बरोबर दाखवतो. त्याने काही सिद्ध होत नाही."

"पण पाती लावली की थरथरतं ना?"

"पात्यांचं वजन मी स्वतः केलंय. केसाचाही फरक नाही. सरकारी काट्यावर केलंय."

"सरकारी काट्यावर घरचं काम?"

काटेसाहेबांचे कान लाल झाले. "मधल्या सुट्टीत," ते म्हणाले.

आणि ते खरं होतं. मागे एकदा हेलिकॉप्टर कुंपणात उतरलं तेव्हा एक पातं मोडलं होतं. नवं आणलं ते किंचित हलकं निघालं. काटेसाहेबांनी त्याच्या बुडाशी, जिथे नजरेला येत नाही तिथे, चिकटपट्टीचे वेढे दिले आणि काटा तंतोतंत मध्यावर येईपर्यंत दिले. त्या दिवसापासून ती दोन पाती त्यांच्या लेखी निर्दोष सुटली होती. त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे काट्यावर घ्यायचा, आणि काट्यावर घ्यायचा म्हणजे त्याला शिक्का मारणाऱ्यावर. शिक्का त्यांनीच मारला होता.

तरी पुढची तपासणी झाली. एका पात्याच्या टोकाला लाल पट्टी लावली, दुसऱ्याच्या टोकाला तेवढीच निळी. एक पातं वर आणि एक खाली फिरत असेल तर दोन वेगळ्या रेघा दिसतात. बायको कंपाउंडच्या भिंतीआड वाकून, फक्त डोळे वर काढून उभी राहिली.

"लाल वर दिसते का निळी?" काटेसाहेब ओरडले.

"एकच रेघ दिसतेय! जांभळी!"

"जांभळी मी लावलेलीच नाही!"

"मग या आणि तुम्हीच बघा!"

म्हणजे पाती एकाच उंचीवर होती. म्हणजे पाती पुन्हा निर्दोष. महिना मात्र संपत आला होता. वडील काही विचारत नव्हते. ते आपली खुर्ची मागच्या दाराशी नेऊन टाकीकडे तोंड करून बसत, एवढंच. टाकीभोवती बांबू बांधायला सुरुवात झाली होती.

अशात काटेसाहेब एका भंगारवाल्याच्या दुकानात तपासणीला गेले. भंगारवाल्याचा जुना तराजू छताच्या आकड्याला टांगलेला होता. रिकामा असताना काटा अगदी सरळ. काटेसाहेबांनी डबीतली दोन सारखी वजनं काढली, दोन्ही पारड्यांत एकेक ठेवलं. डावं पारडं खाली गेलं.

"साहेब, माझी वजनं खरी आहेत," भंगारवाला घाईने म्हणाला. "तुमचाच शिक्का आहे, बघा."

"वजनं खरीच आहेत," काटेसाहेब म्हणाले. हे ते दर वेळी म्हणत, त्यांचं पाठ होतं. "वजन खरं असून भागत नाही. दांडीची ही बाजू लांब आहे. वजन तेवढंच असलं तरी ते मधल्यापासून किती लांब बसलंय, त्यावर..."

आणि ते थांबले.

भंगारवाल्याने वाट पाहिली. साहेब छताकडे बघत होते. एवढा वेळ गप्प बसणारा निरीक्षक त्याने पाहिला नव्हता आणि त्याचा अर्थ त्याने आपल्या परीने लावला.

"साहेब, चहा सांगू?"

"वजनं सारखी आहेत," साहेब स्वतःशीच म्हणाले.

"तेच तर म्हणतोय मी मघापासून!"

"जागा सारखी नाही."

"जागा भाड्याची आहे, साहेब."

काटेसाहेबांनी तराजू जप्त केला, पावती फाडली, ती त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "आभारी आहे." भंगारवाला पुढे कित्येक दिवस ती पावती उलटसुलट करून बघत होता. दंड त्याने पूर्वी भरला होता, पण आभार त्याच्या अंगावर काटा आणून गेले.

घरी आल्यावर बूटही न काढता त्यांनी एकेक पातं स्टीलच्या पट्टीच्या धारेवर आडवं ठेवलं आणि जिथे ते तोललं तिथे पेन्सिलीने खूण केली. मग दोन्ही पाती शेजारी शेजारी धरली. एकाची खूण दुसऱ्यापेक्षा चांगली आत होती, बुडाच्या बाजूला. त्यांनी चिकटपट्टीचे वेढे सोडवले आणि तेच वेढे, एक तुकडाही न वाढवता, बाहेरच्या बाजूला सरकवत नेले. खुणा जुळल्या.

"म्हणजे पात्यांतच खोट होती," बायको म्हणाली.

"पात्यांत नव्हती. चिकटपट्टीच्या जागेत होती."

"पट्टी कोणी लावली होती?"

काटेसाहेब पेन्सिलीला टोक करू लागले. पेन्सिलीला टोक होतं.

शेवटच्या रविवारी हेलिकॉप्टर टाकीवर जाऊन उभं राहिलं आणि आलं. वडिलांनी खुर्ची टीव्हीला जवळजवळ चिकटवली. पडद्यावर टाकीचं डोकं होतं, बांबूंची टोकं होती, गोल लोखंडी झाकण होतं. चित्र इतकं स्थिर होतं की वडिलांना वाटलं, फोटोच लावलाय. तेवढ्यात झाकणावरचा कावळा उडाला.

झाकणाशेजारी नाव होतं. हिरवा रंग पार विटलेला, एका बाजूने गंज चढलेला, पण नाव होतं आणि पुरं होतं. बायकोने सासूबाईंचं नाव हळूच मोठ्याने वाचलं. ते नाव त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी घेतलं होतं.



"आता कावळ्यांना वाचायला दुसरं काहीतरी शोधावं लागणार," वडील म्हणाले. मग मान न वळवता, "माणसाएवढी आहेत ना रे? टीव्हीवर अंदाज येत नाही."

अशा टाक्यांची झाकणं ठरावीक मापाची असतात आणि ते माप काटेसाहेबांना झोपेतही पाठ होतं. त्यांची नजर झाकणावरून अक्षरांवर गेली, अक्षरांवरून पुन्हा झाकणावर आली. दुधाच्या पिशवीवेळची ती नजर बायकोने ओळखली.

"अहो," ती एवढंच म्हणाली.

"आहेत," काटेसाहेब म्हणाले.

वडील आता वळले. "कुठल्या माणसाएवढी?"

"तुमच्याएवढी, बाबा."

वडिलांनी मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.

झाकणाच्या हिशेबाने अक्षरं गुडघ्यापर्यंत येत होती.