वस्तादांची पाठ

१२ एप्रिल १९९५, बुधवार. डॉक्टरांच्या राउंडआधी मी ट्रॅक्शनची वजनं तपासत होते. सात नंबरच्या कॉटला वाळूच्या दोन पिशव्या लटकायला हव्या होत्या. त्या होत्याच. शिवाय टॉवेलात गुंडाळलेलं एक लोखंडी डंबेलही होतं.

“हे कुणी बांधलं?”

“तालमीतल्या पोरांनी,” कॉटवरचे शमुवेल वस्ताद म्हणाले. घामानं निथळत होते, पण आवाज खणखणीत. “पिशव्या बघून लाजली बिचारी. आमच्या वस्तादास्नी एवढंच वजन व्हय, म्हनली.”

“आणि तुम्ही बांधू दिलंत?”

“त्यात काय जड हाय?”

मी डंबेल सोडून माझ्या टेबलावर ठेवलं.

कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी पुरुषांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. वस्तादांच्या कमरेतली चकती सरकून पायाची नस दाबली गेली होती. त्यावर तेव्हाचा उपाय म्हणजे ट्रॅक्शन. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या, कॉटच्या पायथ्याशी कप्पी आणि तिच्यावरून लोंबणारं वजन. अट एकच, पेशंटनं पाठीवर सरळ पडून राहायचं. वस्ताद ती एवढी एकच पाळत नव्हते. पाठ फिरवली की कुशीवर. दोऱ्या तिरक्या, वजन जमिनीला.

डाव्या पायाचा अंगठा त्यांना वर ओढता येत नव्हता. डॉक्टरांनी माझ्यासमोरच सांगितलं होतं, “शनिवारी परत बघतो. आणखी ढिला पडला असेल तर पुण्याला ऑपरेशन. आणि त्यानंतरही पाय पहिल्यासारखा होईल असं मी लिहून देणार नाही.”

म्हणजे प्रश्न पायाचा होता, आणि माणूस ऐकत नव्हता. दोन्ही बाजूंना उशा लावल्या, त्या खाली पडल्या. “कॉटला बांधून ठेवू का?” विचारलं, तर म्हणाले, “बांधा. सोडवून दावतो.”

असे पेशंट मला नवीन नव्हते. वस्तादांच्या समोरच्या कोपऱ्यात खुब्याचं हाड मोडलेले एक रिटायर्ड हेडमास्तर होते. बेडपॅन लागू नये म्हणून ते पाणीच पीत नव्हते. माझा निम्मा दिवस या दोघांत जायचा.

शेवटी वस्तादांना सरळच विचारलं, पाठीवर झोपण्यात अडचण काय?

“बाई, उभ्या जन्मात पाठ लागू दिली न्हाय मी. सांजच्याला पोरं येत्यात तालमीतली. त्येंच्यासमोर चीत पडू?”

आता प्रकाश पडला. कुस्तीत दोन्ही खांदे मातीला टेकले की पैलवान चीत. खेळ खलास. मी रोज त्यांना “सरळ पडा” म्हणत होते आणि ते रोज “हरा” असं ऐकत होते.

वस्ताद आमच्याच चर्चचे. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच मंडळींत पुढे, गाण्यात सगळ्यांत मोठा आवाज. ईस्टर तोंडावर आलेला. गुरुवारी पाळकसाहेब भेटायला आले. स्वतःला नमवणाऱ्यालाच देव उचलतो, प्रभूनंही आधी स्वतःला पित्याच्या हाती सोपवलं आणि मग मरणावर जय मिळवला, असं छान समजावून सांगितलं. प्रार्थना केली. वस्तादांनी डोळे मिटून वॉर्ड दणाणेल असं “आमेन” म्हटलं. पाळकसाहेबांची पाठ वळली आणि यांनी कूस बदलली.

शुक्रवारी, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी मी म्हटलं, “वस्ताद, प्रार्थनेला गुडघे टेकता ना? तेव्हा कमीपणा वाटत नाही तुम्हाला?”

“गुडघं टेकल्यावर कुस्ती जात न्हाय, सिस्टर. पाठ टेकल्यावर जाती.”

नियमाप्रमाणे बरोबर होतं.

त्यांची बायको रूथमावशी स्टुलावर मोसंबं सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “दर रविवारी म्हनतासा, देवा, माझं समदं तुझं. पाठ तेवढी मागं ठेवलीसा व्हय?”

“तुला कुस्तीतलं काय कळतंय?”

“कुस्तीतलं न्हाय कळत. पैलवानातलं कळतंय. देवाबरबर धरलीया तुमी. धरा. पाय घालवा आनि बसा जिंकून.” तिनं एक फोड त्यांच्या हातावर ठेवली. “खावा.”

वस्तादांनी फोड खाल्ली. मग म्हणाले, “सिस्टर, उशी काढा.”

मी उशी काढली, पट्टा सारखा केला, दोऱ्या सरळ केल्या. जबडा आवळून का होईना, पाठ गादीला टेकली. भेटायची वेळ झाल्यावर मी विचारलं, “पडदा लावू?”

“नको.”

पोरं म्हणजे दाढी-मिशा आलेले, बायका-मुलांचे बाप. पुढे उचगावचा बंडू, हातात दुधाची किटली. दारातच थबकला. मागचे त्याच्यावर आदळले. मग सगळे छताच्या पंख्याकडे बघू लागले.

“वस्ताद,” बंडू कसाबसा म्हणाला, “कुनी पाडलं?”

वस्तादांनी बोट वर केलं. “त्येनं. आनि पाडलं न्हाय, मीच पडलो. त्यात फरक हाय.”

चीत झालेल्यासमोर उभा राहतो तो जिंकलेला. ते त्यांनाही सुचलं असावं. आधी बंडू खाली बसला, मग एकेक करत सगळे फरशीवर मांडी घालून बसले. वॉर्डात खाली बसायला परवानगी नव्हती. पण फरशी नुकतीच पुसलेली होती, म्हणून मी काही बोलले नाही.

“आनि जाताना त्ये डंबेल घेऊन जावा,” वस्ताद म्हणाले. “सिस्टरच्या टेबलावर हाय.”

शनिवारी डॉक्टरांनी अंगठ्यावर बोट ठेवलं. “ओढा वर.” अंगठा थरथरला आणि बोटाला थोडं रेटून वर आला. डॉक्टरांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा आला. “पुणं राहू दे तूर्त,” म्हणाले. पुढे काही आठवड्यांनी वस्ताद काठी टेकत का होईना, स्वतःच्या पायांनी घरी गेले.

मी धर्माचं फार बोलत नाही. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत एक बघितलंय. शरण जा असं सांगून कुणी जात नाही. आपण नेमकं काय राखून ठेवलंय ते घरच्या माणसानं दाखवावं लागतं. आणि एकदा हट्ट सोडून दिलेल्या माणसाचा शब्द आमच्यासारख्या दहा सिस्टरांपेक्षा जास्त चालतो.

म्हणून त्याच शनिवारच्या दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या सकाळी, ड्युटीवर आल्या आल्या मी पाणी न पिणाऱ्या हेडमास्तरांची कॉट ढकलत नेली आणि वस्तादांच्या शेजारी लावली.

“नमस्कार गुरुजी,” छताकडे बघत वस्ताद म्हणाले. “मी चीत हाय. तुमचं काय अडलंय?”

मी बेडपॅन आणायला गेले.